एकाच पावसावर

वैशाखातली दुपार होती. गुरुजींनी पत्र्याची पेटी ओसरीत आणून ठेवली आणि एकेक कागद काढून सतरंजीवर मांडायला सुरुवात केली. ते जिल्हा परिषद शाळेतून २०१७ मध्ये निवृत्त झाले होते. आमच्या चिखलीतल्या निम्म्या दुकानदारांना त्यांनी पाढे शिकवलेले. मांडून झाल्यावर ते म्हणाले, "पाहा बाई, तुम्ही नेहमी म्हणता ना, सगळा पैसा एका जागी ठेवू नका. मी ठेवलाच नाही. अकरा कागद आहेत, अकरा जागा."

ही गोष्ट २०२३ ची. मी तेव्हा लोकांच्या बचतीच्या कामात पंचवीस वर्षं काढली होती. सुरुवात पोस्टाच्या आवर्ती ठेवीपासून झाली. महिला प्रधान एजंट म्हणून मी दर महिन्याला घरोघर जाऊन शंभर-दोनशे रुपये गोळा करायची आणि पोस्टात भरायची. पुढे परीक्षा देऊन म्युच्युअल फंडांची वितरक झाले. मी नोंदणीकृत सल्लागार नाही, हे मी नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगते, आणि माझं कमिशन कुठून येतं तेही सांगते. तरी लोक पेटी घेऊन येतात, कारण पेटीतलं सगळं एकत्र मांडून पाहणारं दुसरं कोणी त्यांना माहीत नसतं. बँकवाला बँकेचं पाहतो, विमावाला विम्याचं, सराफ सोन्याचं.

गुरुजींचे कागद असे होते. तीन पतसंस्थांमधल्या पाच ठेव पावत्या, मिळून बावीस लाख. सहा एकर कोरडवाहू वावराचा सातबारा. गावाबाहेरच्या एका प्लॉटचं खरेदीखत. थोरल्या मुलाला कृषी सेवा केंद्र टाकायला दिलेले आठ लाख, त्यांची वहीत केलेली नोंद. दोन विमा पॉलिसी. आणि पेन्शनचं पासबुक.

मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे कागदाचं नाव लिहिलं आणि उजवीकडच्या रकान्यावर लिहिलं, 'हा पैसा शेवटी कोण देणार?'

सातबाऱ्यापुढे काय लिहायचं ते उघड होतं : सोयाबीन. कृषी केंद्रापुढे गुरुजींनीच सांगितलं, "शेतकऱ्यानं बियाण्याची, खताची उधारी फेडली तर." म्हणजे सोयाबीन. प्लॉट त्यांनी रेल्वेच्या भरवशावर घेतला होता. खामगाव-जालना रेल्वे चिखलीवरून जाणार, ही चर्चा ब्रिटिशांच्या काळापासून चालत आली आहे, आणि चिखलीत अजून रेल्वे नाही. मी विचारलं, आज हा प्लॉट विकायचा म्हटलं तर घेणार कोण? ते थांबून म्हणाले, "एखादा व्यापारी, नाहीतर चांगलं पिकलेला शेतकरी." उरल्या पतसंस्था. पतसंस्था ठेवीचं काय करते? कर्ज देते. कोणाला? अडत्याला, दुकानदाराला, ट्रॅक्टर घेणाऱ्याला, दागिने तारण ठेवून पेरणी करणाऱ्याला. दोन वर्षं भाव पडला की या सगळ्यांचे हप्ते एकाच वेळी थकतात.

अकरा कागदांपैकी आठांपुढे एकच उत्तर आलं. गुरुजी ती वही बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे सगळं एकाच पावसावर आहे."

हे वाक्य त्यांचं आहे. तेव्हापासून मी ते प्रत्येक घरी वापरते.

आमच्या घाटावरच्या भागात हे सगळीकडे असंच आहे. मी लहान असताना वावरात ज्वारी, कपाशी, मूग, उडीद, तूर असं सगळं असायचं. एक गेलं तर दुसरं हाताला लागायचं. गेल्या तीस वर्षांत सोयाबीन आलं आणि खरिपात जिकडे पाहावं तिकडे तेच दिसू लागलं. गुंतवणुकीवरच्या पुस्तकांत समभाग, रोखे, सोनं यांचं प्रमाण किती ठेवावं याची कोष्टकं असतात. ती मुंबईतल्या पगारदाराला पुरत असतील. त्याचा पगार एकीकडून येतो, घर दुसरीकडे असतं, बँकेचे कर्जदार देशभर पसरलेले असतात. इथे कमाई, जमीन, ठेव आणि मुलाचा धंदा एकाच आभाळाखाली असतात. म्हणून आमच्याकडे प्रमाण ठरवण्याच्या आधी उजवा रकाना भरावा लागतो.

हा रकाना मला कोणत्या वर्गात शिकवला नव्हता. तो मी स्वतःच्या घरात शिकले. आमचं शेती अवजारांचं दुकान आहे. घरातली शिल्लक मी एका पतसंस्थेत ठेवायची. दर अर्धा-एक टक्का जास्त होता, घरापासून जवळ होती, माणसं ओळखीची होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. एका वर्षी दुकानाची उधारी वसूल झाली नाही म्हणून मी ठेव मोडायला गेले, तर तिथेही वसुली थांबलेली. माझी उधारी ज्यांच्याकडे अडकली होती त्यांतलेच काही जण त्या पतसंस्थेचे कर्जदार निघाले. पैसे मिळाले, पण अडीच वर्षांनी आणि तुकड्यातुकड्यांनी. तोवर मुलीची फी दागिने तारण ठेवून भरली. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. आधी ते एक लाखापर्यंत होतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत झालं. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. पावती दिसायला सारखीच असते, पण मागचा आधार वेगळा असतो. हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि मी लोकांच्या ठेवी गोळा करण्याचं काम करत होते. त्याची खंत अजून जात नाही.

त्यानंतर मी दर वर्षी एक पान करू लागले. राहतं घर, दुकान आणि अंगावरचे दागिने त्यात धरायचे नाहीत. बाकीचं सगळं तीन ओळींत : ठेवी आणि पोस्ट, शेअर फंड, सोनं. आमच्या घरासाठी मी बासष्ट, तीस आणि आठ टक्के असं प्रमाण ठरवलं. यात गुपित काही नाही. दुकानाची कमाई पावसावर असल्यामुळे ठेवींचा भाग मोठा ठेवला, आणि चिखलीच्या आभाळाबाहेरची कमाई असावी म्हणून तीस टक्के देशभरच्या कंपन्यांत. कुठलीही ओळ ठरल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त सरकली तरच हात लावायचा. नाहीतर पान मिटून ठेवायचं.

पान करायचा दिवस अक्षय्य तृतीयेनंतरचा. त्याला कारण आहे. आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. तिथे अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी वावरात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला त्यावरून पाऊस, पीक, भाव यांचं भाकीत सांगतात. वर्तमानपत्रांत ते छापून येतं आणि दुकानात दिवसभर त्याचीच चर्चा असते. त्या चर्चेत प्रत्येक जण पुढच्या वर्षाचा विचार करत असतो. पेरणीला महिना-दीड महिना असतो आणि हातात किती आहे ते मोजायची सगळ्यांची तयारी असते. भाकीत काहीही येवो, मी पान त्याच दिवसांत करते आणि त्यात भाकीत धरत नाही. भेंडवळचं धरत नाही, तसंच टीव्हीवरच्या बाजारतज्ज्ञाचंही नाही. पानावर फक्त आज काय आहे ते असतं.

या नियमाची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. २०१९ च्या वैशाखात पानावर वीस लाख होते : ठेवी १२.४, शेअर फंड ६, सोनं १.६. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडून २६ हजारांच्या खाली बंद झाला. माझे सहा लाख चारवर आले होते. दोन दिवसांनी देशभर टाळेबंदी लागली. घरात बसून मी पान केलं. ठेवी १३.२, शेअर ४, सोनं २.१. शेअरचा भाग तिसावरून जेमतेम एकवीस टक्क्यांवर आला होता. नियम स्पष्ट सांगत होता : ठेवींमधून एक लाख ऐंशी हजार काढून शेअर फंडांत टाक.

मी साठ हजार टाकले, तेही मे महिन्यात.

लोकांना गेली कित्येक वर्षं जे समजावत होते ते स्वतःवर आलं तेव्हा हात पुढे होईना. दुकान बंद होतं, उधारी कधी येईल ते माहीत नव्हतं, आणि रोज कोणाच्या ना कोणाच्या आजाराची बातमी येत होती. बाजार पुढे सावरला. टाकले असते तर किती झाले असते याचा हिशोब मी केला नाही. पण एक गोष्ट कायमची शिकले. भीतीच्या दिवसांत फेरपालट करायची असेल तर तिचा आकार आधीच, शांत दिवसांत कागदावर लिहून ठेवावा लागतो, आणि घरातल्या दुसऱ्या माणसानेही त्यावर सही केलेली असावी लागते. तेव्हापासून आमच्या पानावर आम्हा दोघांच्या सह्या असतात.

फेरपालट हा शब्द मी मुद्दाम वापरते. इंग्रजी नाव सांगितलं की माणूस मागे सरकतो. फेरपालट म्हटलं की समोरचा शेतकरी पुढे बोलू लागतो, कारण त्याला बेवड माहीत असतो. सोयाबीनवर हरभरा का घ्यायचा, एकाच वावरात तेच ते पीक घेतलं तर जमीन का थकते, हे त्याला मी सांगायची गरज नसते. वाढलेलं थोडं विकणंही त्याला नवं नाही. सोंगणी झाली की देणी भागवण्यापुरता माल तो लगेच बाजार समितीत नेतो, थोडा दिवाळीनंतर आणि थोडा उन्हाळ्यापर्यंत ठेवतो. कोणता भाव सर्वात वरचा ते त्याला कळत नसतं, म्हणून तो टप्प्यांनी विकतो.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. तेव्हा बहुतेकांच्या घरात मालच नव्हता. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. ते दहा हजार डोक्यातून गेले नाहीत. माझ्या ओळखीच्या किमान सहा-सात घरांनी पुढची दोन वर्षं माल विकला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात सात हजार मिळत होते तेव्हा विकला नाही, आणि शेवटी चार-साडेचार हजारांना घालवला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि खुल्या बाजारात त्याच्या खालीच बोली लागत होती. टप्प्यांनी विकणारे या काळात कमी दुखावले. हेच मी फंडांबाबत सांगते तेव्हा त्यांना लगेच पटतं.

पगारदारांना पटवणं अवघड जातं. २०२१ मध्ये शेअर फंड वाढले होते आणि एका तरुण शिक्षक जोडप्याच्या पानावर त्यांचा भाग पन्नास टक्क्यांवर गेला होता. ठरलं होतं पस्तीस. मी थोडं काढून पोस्टात ठेवायला सांगितलं तर ते नाराज झाले. वाढणारं झाड कोण कापतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी ऐकलं नाही आणि बाजार पुढेही वाढत राहिला. तरी माझं मत बदललेलं नाही. त्यांना तीन वर्षांत घर बांधायचं होतं. घराच्या पायाचा पैसा बाजारात ठेवायचा नसतो, बाजार वर असो की खाली.

हिशोब नेहमी आपल्या बाजूने येत नाही, हे मी माझ्या सोन्यावरूनही सांगू शकते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने पहिल्यांदा सुवर्णरोखे काढले तेव्हा मी २,६८४ रुपये भावाने पन्नास ग्रॅम घेतले होते. ३० नोव्हेंबर २०२३ ला मुदत संपून ६,१३२ च्या भावाने तीन लाख सहा हजार सहाशे रुपये परत आले, शिवाय आठ वर्षं व्याज मिळालं ते वेगळं. पानावर तोवर सोनं अकरा टक्क्यांवर गेलं होतं. डिसेंबरच्या मालिकेत मी छत्तीस ग्रॅमच परत घेतलं आणि उरलेले ८३ हजार पोस्टात टाकले. पुढे दोन वर्षांच्या आत सोनं दहा ग्रॅमला सव्वा लाखाच्या आसपास गेलं. त्या चौदा ग्रॅमची किंमत आज दुपटीहून वर आहे. नणंद अजून विचारते, का विकलंस? मी तिला पान दाखवते. घरातल्या दर शंभर रुपयांतले आठ सोन्यात असावेत, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. सोनं पुढे कुठे जाणार हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही.

अंगावरच्या सोन्याबद्दल मी बोलतच नाही. पाटल्या, पोत, एकदाणी ही बाईची असतात. ती पानावर धरली की त्यांवर दुसऱ्यांचा हक्क सुरू होतो.

करांचं आणि शुल्काचं फार गुंतागुंतीचं नसतं. शेअर फंड बरेचदा एका वर्षाच्या आत विकला तर एक टक्का कापला जातो, म्हणून वर्ष झालेलंच विकते. वर्षानंतरच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे, पण वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा मोकळा. बहुतेक घरांची छाटणी त्या मर्यादेत बसते. आणि शक्य असेल तोवर मी काही विकायलाच सांगत नाही. ओलिताच्या वावरात एका वाफ्याला पाणी पुरलं की दंड फोडून पाणी दुसरीकडे वळवतात. तसा नवा येणारा पैसा कमी पडलेल्या ओळीकडे वळवायचा. वर्ष-दीड वर्षात पान आपोआप सरळ होतं.

एका माणसाच्या बाबतीत मात्र माझं कोष्टक चुकलं. मेहकर तालुक्यातले एक शेतकरी, समृद्धी महामार्गात त्यांची जमीन गेली होती. मोबदल्याची रक्कम त्यांनी जन्मात पाहिली नव्हती एवढी मोठी होती. त्यांना परत जमीनच घ्यायची होती. मी पुष्कळ समजावलं की सगळं एकाच पावसावर नको. ते शांतपणे म्हणाले, "ताई, वावर गेल्यापासून सकाळी उठून कुठं जावं ते समजत नाही." माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. त्यांनी निम्म्या पैशात विहिरीचं चार एकर घेतलं. उरलेले पोस्टात, बँकेत आणि थोडे फंडांत ठेवले. ते चार एकर मी त्यांच्या पानावर गुंतवणूक म्हणून लिहीत नाही.

गुरुजींकडे परत येते. उजवा रकाना भरल्यावर त्यांना पटलं होतं, पण हात उचलत नव्हता. कारण तिसऱ्या दिवशी कळलं. ज्या पतसंस्थेत सर्वात मोठी पावती होती तिथला शाखा व्यवस्थापक त्यांचा विद्यार्थी होता. पावती मुदतीनंतर पुढे ठेवायची नाही म्हणून ते गेले, तर तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमचं काही चुकलं का?" गुरुजी पावती तशीच ठेवून परत आले.

शहरात पैसा काढताना फॉर्म भरावा लागतो. इथे एका माणसाच्या डोळ्यांत पाहावं लागतं. प्रत्येक कागदामागे ओळखीचा चेहरा असतो, आणि पैसा हलवला की त्या चेहऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. दुसऱ्या खेपेला मी गुरुजींसोबत गेले. काही चुकलेलं नाही, हे त्या मुलाला नीट सांगितलं आणि सगळं एकदम काढणार नाही असंही. मुदत संपेल तशी एकेक पावती हलवायची, दोन वर्षांत.

तसंच केलं. २०२३ च्या एप्रिलपासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा पंधरावरून तीस लाख झाली होती आणि दर ८.२ टक्के होता. बारा लाख तिथे गेले. त्यावर मला एक पैसाही मिळत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. तीन लाख बँकेत, अडीअडचणीला. पेन्शन सरकारच्या तिजोरीतून येते आणि ती सोयाबीनवर नाही, म्हणून चार लाख हप्त्याहप्त्याने निर्देशांक फंडात टाकायचं धाडस करता आलं. कृषी केंद्राच्या आठ लाखांना हात लावला नाही. तो मुलाचा संसार आहे.

राहिली तीन लाखांची एक पावती. ती त्याच विद्यार्थ्याच्या शाखेत आहे. इथे मला स्वतःशी भांडावं लागलं. गावातल्या प्रत्येकाने शहाणपण करून सगळा पैसा बाहेर नेला, तर पेरणीला कर्ज कोण देणार? मुंबईचा फंड चिखलीच्या शेतकऱ्याला जूनमध्ये बियाण्यासाठी वीस हजार देणार नाही. या गावातल्या सहकारी बँका आणि पतसंस्था पिग्मीच्या दहा-दहा रुपयांवर उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांनी आमची दुकानं उभी केली आहेत. मी स्वतः होरपळले आहे, तरीही सगळं काढून घ्या असं मी कोणाला सांगत नाही. जेवढं अडकलं तरी घर चालेल, तेवढं गावात राहू द्यावं.

गुरुजींची ती पावती येत्या दिवाळीत संपते. ती तिथेच पुढे ठेवायची असं त्यांनी ठरवलं आहे, आणि या वैशाखातल्या पानावर मी तसंच लिहिलं आहे. खाली गुरुजींची सही आहे आणि काकूंचीही.